डिसेक्शन मॅन्युअल डी-हॉलमध्ये कसं वापरायचं: फर्स्ट इयरवाल्यांसाठी

मी ठाण्यात राहते आणि ॲनाटॉमीची ट्यूटर आहे, त्यामुळे दरवर्षी नवीन बॅच आली की डी-हॉलमध्ये, म्हणजे डिसेक्शन हॉलमध्ये, तेच चित्र बघते. टेबलाभोवती दहा-बारा जण गोल उभे, दोघांच्या हातात ब्लेड, बाकीचे मागून माना उंच करून बघतायत, आणि मॅन्युअल, म्हणजे काय कसं कापायचं ते सांगणारं पुस्तक, कुठेय विचारलं तर बॅगेत. बॅग कुठेय तर बाहेर. मग सर किंवा मॅडम येईपर्यंत कोणीतरी आठवेल तसं कापत बसतं, आणि संध्याकाळी तेच मॅन्युअल हॉस्टेलवर हायलायटर घेऊन थिअरीच्या पुस्तकासारखं वाचलं जातं. दोन्ही वेळा चुकीच्या जागी. मॅन्युअल हातांसाठी लिहिलेलं असतं, ते कापण्याच्या आधी वाचायचं आणि कापताना कोणीतरी मोठ्याने वाचायचं, एवढं जमलं तरी अर्ध काम होतं.

कळवा, नेरूळ, कामोठे, कुठल्याही कॉलेजला असा, पद्धत साधारण हीच. बीएएमएसवाल्यांनाही रचना शारीरमध्ये, म्हणजे त्यांच्या ॲनाटॉमीत, उपयोगी पडेल, फिजिओ आणि डेंटलवाल्यांना बऱ्याचदा आधीच कापून ठेवलेले पार्ट बघायला मिळतात, त्यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

आधी पुस्तक ओळखून घ्या

आपल्याकडे जास्त करून कनिंगहॅमचं मॅन्युअल चालतं. तीन भाग आहेत. पहिल्यात हात आणि पाय, दुसऱ्यात छाती आणि पोट, तिसऱ्यात डोकं, मान आणि मेंदू. तिन्ही एकदम घेऊ नका, आत्ता पहिला पुरतो, आणि सिनिअरकडून जुना मिळाला तर उत्तमच, कारण हे पुस्तक टेबलाजवळ राहणार म्हणजे त्याला फॅट लागणार, फॉर्मलिनचे डाग पडणार, नवीन कोरं पुस्तक घेतलेला माणूस ते टेबलाजवळ आणायलाच घाबरतो. डिपार्टमेंटच्या लायब्ररीतही असतं. तुमच्या कॉलेजने दुसरं मॅन्युअल सांगितलं असेल तर तेच वापरा, टेबलावर सगळ्यांकडे एकच असणं जास्त महत्त्वाचं.

आता उघडून बघा. मजकूर दोन प्रकारचा दिसेल. एक म्हणजे वर्णन, हा मसल इथून निघतो, तिथे लागतो, ही नर्व्ह अमुक ठिकाणून जाते. दुसरा म्हणजे चौकटीतला, ज्यात हे कापा, ते बाजूला करा असं नंबर टाकून दिलेलं असतं. कनिंगहॅमच्या सोळाव्या एडिशनमध्ये चौकटीच्या वरच्या बाजूला ऑब्जेक्टिव्ह्ज असतात, म्हणजे या चौकटीच्या शेवटी तुम्हाला काय काय दिसलं पाहिजे त्याची यादी, आणि खाली इन्स्ट्रक्शन्स. बहुतेक पोरं इन्स्ट्रक्शन्सपासून सुरू करतात. तुम्ही यादीपासून करा. काय शोधतोय हेच माहीत नसेल तर ते कापलं गेलेलंही कळत नाही, त्या बारीक नर्व्ह्ज फॅटमधून अशा निघून जातात की नंतर कितीही शोधा.

आदल्या रात्री

जास्त नाही, वीस मिनिटं अर्धा तास. उद्याच्या चौकटी तेवढ्याच वाचायच्या, आणि वाचताना बाजूला बोन सेटमधलं हाड हातात पाहिजे. मॅन्युअलमध्ये कोरॅकॉइड प्रोसेस (हाडाचं पुढे आलेलं टोक) लिहिलं की स्कॅप्युलावर, म्हणजे खांद्याच्या फऱ्याच्या हाडावर, बोट ठेवायचं, मग स्वतःच्या खांद्यावर क्लॅव्हिकलच्या, म्हणजे कॉलरबोनच्या, बाहेरच्या भागाच्या जरा खाली दाबून तेच शोधायचं. लागतं हाताला, थोडं दुखतंसुद्धा. स्टर्नल अँगल तर कुठेही शोधता येतो, ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्यासुद्धा, गळ्याच्या खड्ड्यापासून बोट खाली सरकवत आलं की स्टर्नमवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, आडवा उंचवटा लागतो, त्याच्या दोन्ही बाजूला दुसरी बरगडी. बरगड्या मोजायची सुरुवात कायम तिथून. पहिली बरगडी क्लॅव्हिकलखाली लपलेली असते, म्हणून वरून मोजायला गेलात की गडबड होणारच.

मग एक चिठ्ठी करा, हाताने, छोटी. तीन गोष्टी लिहायच्या: उद्या काय कापायचं, काय कापायचं नाही, काय दिसलं पाहिजे. दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि मॅन्युअलमध्ये ती एका जागी लिहिलेली नसते, ती तुम्हाला वर्णनातून काढावी लागते. म्हणजे वर्णनात लिहिलेलं असतं की सेफॅलिक व्हेन डेल्टॉइड (खांद्याचा मसल) आणि पेक्टोरॅलिस मेजर (छातीचा मोठा मसल) यांच्या मधल्या खाचेत असते, यातून तुम्ही समजायचं की उद्या त्या खाचेत ब्लेड घालायचं नाही.

चौकटीच्या पानांची झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातली तर ती टेबलाजवळ बिनधास्त ठेवता येते, स्टेशनबाहेर कुठेही होतं ते काम. ॲटलास, म्हणजे चित्रांचं पुस्तक, मात्र एक पाहिजेच, मोबाईलवर चालणार नाही, का ते पुढे येतंच.

हॉलमध्ये शिरताना

सुरुवातीच्या दिवसांत कॅडॅव्हेरिक ओथ, म्हणजे देहाचा मान राखायची शपथ, होते. ती नुसती पाठ म्हणून टाकू नका. टेबलावरचा देह एक तर कोणीतरी स्वतः फॉर्म भरून आणि घरच्यांनी नंतर शब्द पाळून दिलेला असतो, नाहीतर महाराष्ट्र ॲनाटॉमी ॲक्ट, १९४९ खाली बेवारस म्हणून आलेला. दोन्ही बाबतीत तो माणूस आपल्याला काही सांगायला येणार नाही. फोटो काढायचा नाही, व्हिडिओ नाही, ग्रुपवर काही टाकायचं नाही, टोपणनाव ठेवायचं नाही. फोन हॉलबाहेर, म्हणूनच ॲटलास कागदावरचा.

अंगावर पूर्ण बाह्यांचा ॲप्रन, ग्लोव्हज, पूर्ण बंद शूज. केस बांधलेले, ओढणी नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावून येऊ नका, चष्मा घाला, कारण फॉर्मलिनच्या वाफेने डोळे झोंबतात आणि लेन्स असली की जास्तच. फॉर्मलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, बाटलीतलं साधारण ३७ ते ४० टक्क्यांचं असतं, एम्बामिंगला, म्हणजे देह टिकवायला, ते पातळ करून इतर गोष्टींबरोबर वापरतात. आयएआरसीने, म्हणजे कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, फॉर्मल्डिहाइड कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, हे घाबरवायला सांगत नाहीये, पण एक्झॉस्ट चालू आहे का ते बघा, गरज नसताना टेबलावर वाकून तोंड आत घालू नका, आणि दमा वगैरे असेल तर पहिल्याच दिवशी डिपार्टमेंटला सांगा. उपाशी येऊ नका. चक्कर आली तर लाज वाटून घेऊ नका, सरळ बाहेर जाऊन बसा, दरवर्षी कोणाला ना कोणाला येते आणि बऱ्याचदा ज्याला काहीच होणार नाही असं वाटतं त्याला.

आणि ॲप्रन. तो दोन पिशव्यांत घालून न्या. डी-हॉलचा वास कपड्यांत बसतो आणि संध्याकाळच्या लेडीज डब्यात तुमच्या शेजारची बाई कोणत्या नजरेने बघते ते कळेलच. डी-हॉलचा ॲप्रन वेगळा ठेवा, लेक्चरचा वेगळा.

हत्यारं

डिसेक्शन बॉक्समध्ये दहा-बारा वस्तू येतात, लागतात चार. स्कॅल्पेल, दात असलेला फोर्सेप्स म्हणजे चिमटा, बिनदाताचा फोर्सेप्स, आणि बोथट टोकाची कात्री. वर एक प्रोब, म्हणजे बोथट सळई, आणि ब्लेड बदलायला आर्टरी फोर्सेप्स. स्कॅल्पेलला चार नंबरचं हँडल असेल तर बावीस नंबरचं ब्लेड बसतं, मोठं, स्किनसाठी. तीन नंबरच्या हँडलला दहा, अकरा, पंधरा अशी छोटी बसतात, बारीक कामाला. चारच्या हँडलला पंधराचं ब्लेड बसवायला जाऊ नका, बसत नाही. ब्लेड लावताना-काढताना आर्टरी फोर्सेप्सने धरायचं, बोटाने कधीच नाही. डी-हॉलमध्ये जखमा बऱ्याचदा इथेच होतात.

दातवाला फोर्सेप्स स्किन आणि फॅशिया (मसलवरचा पातळ पडदा) धरायला. नर्व्ह किंवा व्हेसल दातवाल्याने धरली की ठेचली जाते, तिथे बिनदाताचाच.

कात्रीचा खरा उपयोग कापायला कमी आणि उघडायला जास्त. मिटलेली कात्री फॅटमध्ये घालायची आणि आत उघडायची, नर्व्हच्या दिशेने, आडवी नाही. टिश्यू आपोआप सुटतो, नर्व्ह सुटत नाही, ती दोऱ्यासारखी मागे राहते. ब्लंट डिसेक्शन म्हणतात ते हेच. मॅन्युअलमध्ये जिथे जिथे कापा असं स्पष्ट लिहिलेलं नाही तिथे हेच करायचं, हा नियम धरून चाला, किंवा सरळ ग्लोव्हजमधलं बोट वापरा. बोटाइतकं सेफ हत्यार नाही.

टेबलावर कोण काय करणार

हे ठरवून घेतलं नाही की दोन जण कापतात आणि दहा जण बोअर होतात. रोज चार कामं वाटा. एक जण मॅन्युअल वाचणार, ग्लोव्हज न घालता, मोठ्याने. दोन जण हात लावणार. एक जण ॲटलास धरून जुळवणार. बाकीच्यांनी हाडं आणि दुसरी बाजू बघायची. पुढच्या दिवशी कामं फिरवायची, आणि खरंच फिरवायची, कारण एकदा चांगला हात म्हणून नाव झालं की तोच पोरगा वर्षभर ब्लेड सोडत नाही.

वाचणाऱ्याने एकदम अख्खी चौकट वाचायची नाही. एक वाक्य, मग थांबायचं. आता इथे मी एक गोष्ट आवर्जून करायला लावते. वाक्य इंग्लिशमध्ये वाचून झालं की कापणाऱ्याने ते मराठीत सांगायचं, माझा हात आता काय करणार आहे ते. 'मी कॉलरबोनच्या खालून, साधारण एक बोट सोडून, हा मसल आडवा कापतोय, आणि याच्या मागे नर्व्ह आहे म्हणून आधी बोट घालून बघतोय.' असं सांगता आलं तरच ब्लेड. मराठी मीडियममधून आलेली पोरं सुरुवातीला इंग्लिश मॅन्युअलला बिचकतात आणि मागे उभी राहतात, त्यांना यात सगळ्यात जास्त फायदा होतो, आणि फाडफाड इंग्लिश वाचणाऱ्यांना कधी कधी कळतं की आपल्याला काहीच समजलं नव्हतं.

डावं-उजवं कायम देहाचं, तुमचं नाही. आणि सगळी वर्णनं ॲनॅटॉमिकल पोझिशनमधली, म्हणजे माणूस उभा आहे, तळवे पुढे. टेबलावर तो आडवा आहे म्हणून वर म्हणजे छताकडे असं होत नाही, सुपिरिअर म्हणजे डोक्याकडेच. देह पालथा केल्यावर तर अर्ध्या टेबलाचं डोकं फिरतं, तेव्हा एकाने टेबलाशेजारी उभं राहून हात खाली सोडून दाखवायचं, लगेच जुळतं.

मॅन्युअल काय करायला सांगतंय

इन्स्ट्रक्शन्समध्ये ठरावीक क्रियापदं परत परत येतात आणि प्रत्येकाचा अर्थ हाताला वेगळा आहे. रिफ्लेक्ट म्हणजे उचलून उलटवायचं, काढून टाकायचं नाही, एक बाजू जोडलेली राहिली पाहिजे म्हणजे नंतर परत जागेवर बसवून बघता येतं. क्लीन म्हणजे पाणी नाही, त्या मसल किंवा नर्व्हवरची फॅशिया आणि फॅट काढायची, आणि मसल असेल तर त्याच्या फायबरच्या दिशेने. डिफाइन म्हणजे कडा मोकळ्या करायच्या, म्हणजे हा मसल कुठे संपतो आणि शेजारचा कुठे सुरू होतो ते दिसेल. ट्रेस म्हणजे एका टोकाला धरून हळूहळू पुढे जायचं, मध्ये उडी मारायची नाही. रिट्रॅक्ट म्हणजे फक्त ओढून धरायचं. ट्रान्सेक्ट किंवा डिव्हाइड आलं तरच आरपार कापायचं. आणि आयडेंटिफाय आलं की ब्लेड खाली ठेवायचं, सगळ्यांनी बघेपर्यंत पुढची ओळ वाचायची नाही.

हे शेवटचं सगळ्यात जास्त गाळलं जातं. पाच मिनिटांचं बघायचं काम तीस सेकंदात उरकतात आणि मग स्पॉटर्सला, म्हणजे चिठ्ठी लावलेली रचना ओळखायच्या परीक्षेला, तीच स्ट्रक्चर ओळखता येत नाही.

पहिला पार्ट करून बघू: पेक्टोरल रीजन (छातीचा पुढचा भाग) आणि ॲक्सिला (काख)

बहुतेक ठिकाणी अप्पर लिंब आधी आणि त्यात छातीचा पुढचा भाग आधी, म्हणून हाच घेऊ.

देह उताणा. मॅन्युअल आधी स्किनवरच्या रेषा देतं. एक मधोमध, गळ्याच्या खड्ड्यापासून झिफॉइडपर्यंत, म्हणजे स्टर्नमच्या खालच्या टोकापर्यंत. दुसरी वरून क्लॅव्हिकलवरून ॲक्रोमियनपर्यंत, म्हणजे खांद्याच्या टोकापर्यंत. तिसरी झिफॉइडपासून बाहेर, काखेच्या मागच्या घडीच्या दिशेने. निपलभोवती गोल. कापायच्या आधी या रेषा मार्करने काढा, आणि सर-मॅडमना दाखवा. छातीच्या मधोमध स्किनखाली फारसं काही नसतं, लगेच हाड, म्हणून तिथे दाबलं तर ब्लेड हाडावर घासतं. क्लॅव्हिकलवर तर आणखी हलका हात.

स्किन उचलायला कोपऱ्यापासून सुरुवात. कोपरा दातवाल्या फोर्सेप्सने वर ओढला की स्किन आणि फॅटच्या मधे पांढरट तंतू ताणलेले दिसतात, ब्लेड स्किनच्या बाजूला तिरकं ठेवून ते तोडत जायचं. थोडी स्किन सुटली की तिला एक भोक पाडा आणि त्यात बोट घालून ओढा, फोर्सेप्सपेक्षा पकड चांगली येते. स्किनच्या आतल्या बाजूला पिवळी फॅट दिसायला लागली तर तुम्ही खोल गेलायत, बारीक खड्डे-खड्डे दिसत असतील तर बरोबर चाललंय. आणि गळ्याजवळ प्लॅटिस्मा नावाचा पातळ मसल स्किनखालीच असतो, तो स्किनबरोबर उचलला जातो बहुतेकांकडून.

आता फॅटमध्ये क्युटेनिअस, म्हणजे स्किनला जाणाऱ्या, नर्व्ह्ज शोधायच्या. इथे पोरं वैतागतात. स्टर्नमच्या कडेने, बरगड्यांच्या मधून, इंटरकॉस्टल नर्व्ह्जच्या अँटेरिअर क्युटेनिअस ब्रँचेस बाहेर येतात आणि त्यांच्याबरोबर इंटर्नल थोरॅसिक आर्टरीच्या बारीक फांद्या. क्लॅव्हिकलवरून खाली सुप्राक्लॅव्हिक्युलर नर्व्ह्ज येतात. दोन-तीन नीट सापडल्या तरी पुरे, सगळ्यांच्या मागे लागून अख्खा दिवस घालवू नका. मॅन्युअल सगळ्या सांगतं, पण वेळापत्रक मॅन्युअल लिहिणाऱ्याने केलेलं नसतं.

मग सेफॅलिक व्हेन. डेल्टॉइड आणि पेक्टोरॅलिस मेजरच्या मधल्या खाचेत कात्री उघडत जा, निळसर-तपकिरी नळी दिसेल. ही सापडली की दोन मसल आपोआप वेगळे झाले, आणि हीच व्हेन वर गेल्यावर तुम्हाला क्लॅव्हिपेक्टोरल फॅशियाची (क्लॅव्हिकल आणि पेक्टोरॅलिस मायनरमधल्या पडद्याची) जागा दाखवणार आहे, कारण ती फॅशिया भेदून आत ॲक्सिलरी व्हेनला मिळते. म्हणून जपा.

पेक्टोरॅलिस मेजर क्लीन करा, मसलवरची फॅशिया संत्र्याच्या फोडीवरच्या पापुद्र्यासारखी ओढून निघते, फायबरच्या दिशेने गेलात तरच. आता पहिलं मोठं कापणं. आधी क्लॅव्हिक्युलर हेडच्या, म्हणजे क्लॅव्हिकलवरून निघणाऱ्या भागाच्या, मागे बोट घाला, मग क्लॅव्हिकलच्या जरा खाली कापा, आणि हळू उलटवा, कारण त्याच्या मागून लॅटरल पेक्टोरल नर्व्ह आणि थोरॅकोअक्रोमियल आर्टरीच्या फांद्या मसलमध्ये शिरतात. त्या बघून झाल्यावर स्टर्नल भाग, स्टर्नमपासून थोडं अंतर ठेवून, म्हणजे हाडावर तुकडा राहतो आणि ओरिजिन दाखवता येतं. इथे मेडियल पेक्टोरल नर्व्ह पेक्टोरॅलिस मायनरमधून येताना दिसते. आणि गंमत बघा, मेडियल पेक्टोरल नर्व्ह छातीवर लॅटरल पेक्टोरलच्या बाहेरच्या बाजूला असते. नावं ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताच्या नर्व्ह्जच्या जाळ्याच्या, कॉर्डवरून (जाड दोऱ्यांवरून) आलीत, छातीवरच्या जागेवरून नाही. दरवर्षी या एका गोष्टीवर टेबलावर भांडण होतं आणि वायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, दोन तरी पोरं फसतात.

पेक्टोरॅलिस मायनर, तिसरी ते पाचवी बरगडी ते कोरॅकॉइड, हा ॲक्सिलाचा सगळ्यात उपयोगी मसल, काम काय करतो ते सोडा, तो ॲक्सिलरी आर्टरीचे तीन भाग पाडतो. त्याच्या वरचा पहिला, मागचा दुसरा, खालचा तिसरा. फांद्या एक, दोन, तीन. पहिल्यातून सुपिरिअर थोरॅसिक. दुसऱ्यातून थोरॅकोअक्रोमियल आणि लॅटरल थोरॅसिक. तिसऱ्यातून सबस्कॅप्युलर आणि दोन सर्कमफ्लेक्स ह्युमरल. पुस्तकात एवढं सरळ आहे, टेबलावर बऱ्याचदा दोन फांद्या एकाच बुंध्यातून येतात. फांदी कुठून निघाली यापेक्षा ती कुठे जाते यावरून नाव द्यायचं.

ॲक्सिला उघडायला हात बाजूला घ्यावा लागतो, साधारण काटकोनात, बोर्डवर बांधून. जास्त ओढला तर सगळं ताणून एकमेकाला चिकटतं आणि काही वेगळं दिसत नाही, थोडा आत आणला की सैल पडतं, मामांना, म्हणजे हॉलच्या अटेंडंटना, सांगा, ते बरोबर करून देतात. डी-हॉलच्या मामांना या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आत भरपूर फॅट आणि लिंफ नोड्स. फॅटमधून आडवी हाताकडे जाणारी पहिली नर्व्ह बहुतेक वेळा इंटरकॉस्टोब्रेकियल, ती फॅट म्हणून ओढू नका. मोठी ॲक्सिलरी व्हेन ठेवायची, तिच्या छोट्या फांद्या काढल्या तरी चालतात, मॅन्युअलही तेच सांगतं, नाहीतर आर्टरी दिसतच नाही. मग प्लेक्सस. इथे वरून सुरुवात करू नका. कोरॅकोब्रेकियालिस मसल शोधा, त्यात शिरणारी नर्व्ह मस्क्युलोक्युटेनिअस, ही पक्की खूण. तिला धरून मागे वर जा, लॅटरल कॉर्ड. लॅटरल कॉर्डमधून दुसरी फांदी खाली येऊन आर्टरीच्या पुढे मेडियल कॉर्डच्या फांदीला मिळते, ती मिडियन नर्व्ह. मेडियल कॉर्डची उरलेली मोठी फांदी अल्नर. आर्टरीच्या पुढे इंग्लिश एम दिसला की टेबलावर टाळ्या पडतात, पडू देत. मग आर्टरी बाजूला ओढून मागे बघा, जाडजूड रेडियल, आणि मागच्या बाजूला घुसणारी ॲक्सिलरी नर्व्ह.

छातीच्या भिंतीवर सेराटस अँटेरिअर मसलच्या पृष्ठभागावरून सरळ खाली जाणारी लाँग थोरॅसिक नर्व्ह शोधून ठेवा. ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतले नोड्स काढताना सर्जन हिला जपतात, दुखावली तर भिंतीला हात टेकून ढकलताना स्कॅप्युला पाठीतून पंखासारखी बाहेर येते. पुढे सर्जरीच्या पोस्टिंगला हे दिसेल तेव्हा ही काख आठवेल.

पुस्तकाशी जुळलं नाही तर

जुळणारच नाही, कुठे ना कुठे. मनगटावर पामॅरिस लाँगस कित्येकांना नसतो, अंगठा आणि करंगळी टेकवून मनगट वाकवा, ग्रुपमध्ये एखाद्याचा टेंडन उठत नाही. ब्रेकियल आर्टरी कधी कोपराच्या बरीच वर फुटते. छातीवर स्टर्नमच्या बाजूने उभा जाणारा जास्तीचा मसल कधी तरी दिसतो, स्टर्नॅलिस. अशा वेळी पोरं म्हणतात मॅडम आमचं खराब आहे, दुसरं टेबल द्या. उलट, सगळ्या टेबलांना बोलवा आणि दाखवा, मग मॅन्युअलच्या त्या पानाच्या कडेला पेन्सिलने टेबल नंबर आणि बाजू लिहून ठेवा.

काही गोष्टी आयुष्यात किंवा मृत्यूनंतर झालेल्या असतात. मांडीत किंवा मानेत कापून टाके घातलेले दिसले तर तिथून एम्बामिंगचं द्रावण भरलेलं असण्याची शक्यता जास्त, तिथली रचना विस्कटलेली असते, दुसरी बाजू वापरा. पायातली सॅफेनस व्हेन गायब आणि छातीवर मधोमध जुना व्रण असेल तर बायपास झालेली असू शकते. मॅन्युअलमध्ये हे काही नसतं.

आणि एखादी नर्व्ह कापली गेली तर लपवू नका. दोन्ही टोकांना दोरा बांधा, टॅग लावा, पुढे ट्रेस करताना जोडून दाखवता येतं. फेकून दिली की मग दुसऱ्या टेबलावर जाऊन बघावं लागतं.

उठताना

शेवटची पंधरा मिनिटं यालाच ठेवा. उलटवलेला मसल परत जागेवर, त्यावर स्किन, त्यावर ओलं कापड, त्यावर प्लॅस्टिक. डिपार्टमेंट जे द्रावण देईल तेच शिंपडायचं. दिवाळीच्या सुट्टीवर जाताना हे नीट केलं नाही तर परत आल्यावर बोटं आणि नर्व्ह्ज सुकून काड्या झालेल्या असतात, आणि सुकलेला भाग नंतर मऊ होत नाही म्हटलं तरी चालेल. निघालेले टिश्यूचे तुकडे त्याच देहाच्या डब्यात, बेसिनमध्ये किंवा कचऱ्यात कधीच नाही. ब्लेडं पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात, ग्लोव्हज लाल पिशवीत, बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम आहेत. हत्यारं धुऊन पुसून, ओली बॉक्समध्ये बंद केली की गंज चढतो, आपल्याकडच्या दमट हवेत तर बघायलाच नको.

संध्याकाळी आणि परीक्षेआधी

थिअरीचं पुस्तक आता उघडा. आधी वाचून गेलात तर तिथे जे लिहिलंय तेच दिसतं, बघून आल्यावर वाचलं तर प्रश्न पडतात. जर्नलमध्ये डायग्राम ॲटलासवरून छापायचा नाही, आधी टेबलावर दिसलं तसं कच्चं काढायचं, मग ॲटलासशी जुळवायचं.

पार्ट कम्प्लिशनच्या, म्हणजे एक भाग संपल्यावरच्या परीक्षेच्या, आधी मॅन्युअल परत काढा पण इन्स्ट्रक्शन्स सोडा, नुसत्या ऑब्जेक्टिव्ह्जच्या याद्या घ्या आणि हॉलमध्ये जाऊन एकेकावर प्रोब ठेवून दाखवा, मित्राला तपासायला लावा. नाव सांगून थांबू नका, कुठून आली, कुठे जाते, कापली तर काय होईल, एवढं बोला. स्वतःच्या टेबलावर झालं की दुसऱ्या टेबलावर करा, कारण स्पॉटर्सची चिठ्ठी तुमच्याच टेबलावर असेल असं कोणी सांगितलंय.

फिजिओ, डेंटल आणि ज्यांना कापायला मिळत नाही त्यांनी मॅन्युअल उलटं वाचायचं. समोर तयार पार्ट आहे, तर चौकटीच्या शेवटच्या स्टेपपासून मागे यायचं, प्रत्येक स्टेपला विचारायचं की हे दिसण्यासाठी वरून काय काय उचललं असेल, आणि उलटवलेले मसल हाताने एकेक करून परत जागेवर बसवायचे. पार्ट उचलताना खालून आधार द्या, नर्व्हला धरून उचलू नका, तुमच्यानंतर अजून तीन बॅचेस तोच पार्ट बघणार असतात.